इंजिनखालची सतरंजी

अंड्यांच्या ट्रेला तीस खळगे होते. त्यांतले अठ्ठावीस भरले होते: वीस बोल्ट, पाच नट, तीन क्लॅम्प. गाडीतून जे ज्या क्रमानं निघालं ते त्याच क्रमानं, डावीकडून उजवीकडे ठेवलेलं. दोन खळगे रिकामे होते. एक मागच्या होजच्या क्लॅम्पसाठी, दुसरा मागच्या बोल्टसाठी. मडगार्डवर ठेवलेल्या त्या ट्रेवरून आईनं एकदा नजर फिरवली आणि लेकीला म्हणाली,

"किटली आण गं. उकळतं पाणी. कोमट आणलंस तर आल्या पावली परत पाठवीन."

लेक आतल्या खोलीत गेली. ती चार दिवसांच्या सुट्टीवर घरी आली होती. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत ती कारखान्यांची मोजमापाची साधनं तपासायचं काम करत असे. "माझी मुलगी मापांची मापं काढते," असं आई गिऱ्हाइकांना सांगायची, आणि गिऱ्हाइकाला ते कळलं नाही की तिला जास्तच आनंद व्हायचा.

गॅरेजच्या बोर्डावर बाबांचं नाव होतं. पण त्या रस्त्यावरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना ठाऊक असलेलं नाव एकच होतं, चिमटाताई. इंजिनाची मागची बाजू आणि केबिनचा पत्रा यांच्यामध्ये जेमतेम मनगटाएवढी फट असते. तिथला बोल्ट काढायचा तर इतर गॅरेजांत अख्खं इंजिन उचलून बाहेर घ्यावं लागे. आई डोळे मिटून कोपरापर्यंत हात आत सरकवायची, गाणं गुणगुणायची, आणि गाण्याचं कडवं संपायच्या आत बोल्ट घेऊन हात बाहेर यायचा. लांबून लांबून मिस्त्री तिला न्यायला येत. "ताई, फक्त एक बोल्ट," असं म्हणत. ती हात पुसत स्कूटरवर मागे बसून जायची आणि तासाभरात परत यायची.

लेकीनं किटली आणली. आईनं पक्कडीनं क्लॅम्प दाबून होजवरून मागे सरकवला होता. होज स्वतः मात्र जागचा हलत नव्हता. रबर इतक्या वर्षांत पितळी नळीला असं चिकटलं होतं की दोन्ही एकाच वस्तूचे भाग वाटावेत.

"कापून टाकू या का?" लेकीनं विचारलं.

"काप. आणि मग या आकाराचा दुसरा आणून दे. कारखाना बंद पडून दहा वर्षं झाली." आईनं होजभोवती फडकं गुंडाळलं. "ओत. हळूहळू. माझ्या हाताकडे बघू नकोस, फडक्याकडे बघ."

लेकीनं पाणी ओतलं. वाफ वर आली, तिच्यात कूलंटचा गोडसर वास मिसळलेला. एक थेंब तिच्या मनगटावर उडाला आणि तिनं किटली जवळजवळ सोडली.

"लोण्याचे हात झालेत तुझे," आई म्हणाली. तिनं ओल्या फडक्यासकट होज मुठीत धरला आणि डावीकडे-उजवीकडे पिळायला सुरुवात केली. "आधी फिरवायचं, मग ओढायचं. नुसता ओढलास तर नळीच वाकते. रुसलेल्या माणसासारखं आहे. थोडं इकडे, थोडं तिकडे. मग आपणच येतो."

पाणी फडक्यातून तिच्या बोटांवरून निथळत होतं. त्यातून अजून वाफ निघत होती. आईचा चेहरा शांत होता. होजनं पहिल्यांदा किंचित कुरकुर केली, मग एकदम गर्रकन फिरला आणि निघून हातात आला. तिनं क्लॅम्प उचलून एकोणतिसाव्या खळग्यात ठेवला.

लेक तिच्या बोटांकडे बघत होती. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गडद लाल झाली होती.

"भाजलं ना?"

"सवय असते," आई म्हणाली आणि बोटं फडक्यात गुंडाळली.

खाली पडलेलं किटलीचं झाकण उचलायला लेक वाकली, तेव्हा तिला गाडीखाली अंथरलेली सतरंजी दिसली. निळ्या पट्ट्यांची, घरातली जुनी, दुहेरी घडी घातलेली. गॅरेजची फरशी नेहमी उघडी असे, तेल सांडलं तर त्यावर भुसा टाकायचा. बाबा तिथंच गाडीखाली पाठीवर पडून दिव्याची वायर सरळ करत होते.

"बाबा, सतरंजी कशाला?"

"वय झालं. फरशी बोचते पाठीला."

सतरंजी इंजिनाच्या बरोबर खाली होती. बाबांची पाठ तिच्यापासून हातभर पुढे, उघड्या फरशीवर होती. लेकीच्या ते लक्षात आलं, पण तेवढ्यात गाडीचा मालक आला.

तो दातांचा डॉक्टर होता. वडिलांच्या वेळची ही गाडी त्यानं विकायची नाही असं ठरवलं होतं, पण घाट चढताना ती धापा टाकते म्हणून इंजिनाला टर्बो बसवून घेत होता. त्यासाठीच हे सगळं उघडलं होतं. दर दोन दिवसांनी तो दवाखान्यातून थेट इथं यायचा आणि उघड्या बॉनेटमध्ये डोकावायचा.

"माझे पेशंट निदान फार वेळ आ करून बसत नाहीत," तो म्हणाला. "हिचा जबडा दुखत असेल हो, ताई."

"हिला भूल दिलीय," आई म्हणाली.

"मागचा बोल्ट निघाला?"

"आज निघेल."

"मला सगळ्यांनी सांगितलं, इंजिन न काढता हे काम फक्त तुम्ही करू शकता. खरं तर तुम्ही माझ्याकडे यायला हवं होतं. अक्कलदाढा काढायला ठेवून घेतलं असतं." तो हसला. मग बाबांकडे वळला. "मिस्त्री, पुढच्या रविवारी पोरांना घेऊन घाट चढायचाय. धाकट्याला सांगून बसलोय मी, आपली गाडी आता उडणार म्हणून."

"उडवू नका. नुसती चढवा," गाडीखालून बाबा म्हणाले.

डॉक्टर गेला. आईनं हात पुसले, बारा नंबरचा रिंग पाना घेतला आणि फटीत हात घातला. लेक बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. लहानपणी ती इथंच, उलट्या बादलीवर बसून, आईचं गाणं कुठल्या शब्दाला थांबतं ते बघायची.

आज आईनं डोळे मिटले नव्हते. गाणंही नव्हतं.

"जरा वर," खालून बाबा म्हणाले. त्यांच्या हातात लांब दांडीचा आरसा होता. "आणखी. हं. आता बसला पाना."

"माहीत आहे मला."

"हो, हो. मी आपलं सहज म्हटलं."

बोल्ट कडक होता. आईनं पान्यावर तळहात ठेवून जोर दिला. दात ओठावर आले. खट्कन एकदा आवाज झाला आणि तिचा खांदा सैल पडला. मग थोडं थोडं फिरवणं. पाना काढायचा, परत बसवायचा, परत थोडा फिरवायचा. दर वेळी खालून बाबांचा आवाज येत होता, "वर," "डावीकडे," "बसला". पूर्वी या वेळी बाबा चहा सांगायला जात असत.

"सुटला," आई म्हणाली. तिनं पाना बाहेर काढून ठेवला, पुन्हा हात आत घातला, आणि बऱ्याच वेळानं मूठ मिटून बाहेर आणली. ट्रेवर हात नेऊन तिसाव्या खळग्यावर तिनं मूठ उघडली.

मुठीत काही नव्हतं.

काहीच आवाज झालेला नव्हता. आई उघड्या तळहाताकडे बघत राहिली. मग तिनं हात उलटा केला, जणू बोल्ट दुसऱ्या बाजूला चिकटला असेल.

"हा बघ, मी धरला खाली," बाबा घाईघाईनं गाडीखालून सरपटत बाहेर आले. "मीच म्हटलं होतं ना तुला, खाली सोड म्हणून."

बाबांनी असं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी बोल्ट खळग्यात ठेवला. त्याच्या आट्यांत सतरंजीचा एक निळा धागा अडकला होता. आईनं तो दोन बोटांनी उपसायचा प्रयत्न केला. तो तिच्या चिमटीत येईना. शेवटी तिनं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वापरून तो ओढून काढला आणि हात धुवायला गेली.

लेक बाबांजवळ उभी राहिली. बाबा आरशाची दांडी मिटत होते. ती मिटायला वेळ लागत नाही, पण त्यांनी बराच वेळ घेतला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"बाबा."

त्यांनी मोरीकडे पाहिलं. नळ चालू होता.

"पावसाळ्याच्या आधीपासून. बोल्ट पडायला लागले तिच्या हातून. फरशीवर टण्णकन वाजायचे. तिचं तोंड बघवायचं नाही, म्हणून सतरंजी घातली." ते थांबले. "पडलेलं चालतं गं. उचलता येतं. पण लावताना तिला कळत नाही, नट सरळ बसला की तिरका. मागच्या महिन्यात एका टेम्पोचा नट दोन आट्यांवर नुसता लटकत होता. ती मला म्हणाली, बसला. मी म्हटलं, छान."

"मग?"

"मग काय. ती घरी गेली की मी उघडतो. समोरचं सगळं काढतो, आरसा घालतो, बघतो, परत लावतो. तिला वाटतं मी झाडलोट करायला थांबतो."

"तिला बोललात का?"

"काय बोलू? तुझे हात गेले म्हणून?" त्यांनी स्वतःचे हात पुढे केले. जाड, रुंद, बोटांची पेरं अक्रोडासारखी. "हे गेले असते तर गोष्ट वेगळी. हे कोणी न्यायला येत नाही." मग हळू आवाजात, "तिला सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून."

लेकीनं बाही वर केली आणि फटीत हात घातला. बोटं गेली, तळहाताचा अर्धा भाग गेला, आणि पेरं पत्र्याला अडकली. तिनं हात तिरका करून पाहिला. कातडी सोलली, पण हात पुढे गेला नाही.

"नाही जायचा," बाबा म्हणाले. "माझ्यावर गेलीस तू."

मोरीत आई साबण आणि भुसा हातावर चोळत होती. लेक तिच्या शेजारी उभी राहिली. आईनं आपण होऊन हात पाण्याखाली उलटे-सुलटे केले. अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटावर पाण्यानं भरलेला फोड आला होता. अंगठ्याच्या मुळाशी जिथं मांसल उंचवटा असतो, तिथं खड्डा होता. पाण्याचे थेंब त्यात साचत होते.

"दुखतंय का?"

"दुखत नाही, हीच तर पंचाईत आहे," आई म्हणाली. "हातमोजा घातल्यासारखं वाटतं. काढायला गेलं तर मोजा नाहीच." तिनं नळ बंद केला. "बाबांना सांगू नकोस. त्यांना सहन होणार नाही."

लेकीनं टॉवेल पुढे केला. आईनं तो तळहातांनी पकडला.

दुपारी तिघं आतल्या खोलीत चहा घेत बसली. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक स्टूल आणि भिंतीला लावलेली अवजारं होती. आईनं कप दोन्ही हातांच्या मध्ये धरला होता. बाहेर उघड्या बॉनेटची गाडी उभी होती. टेबलावर टर्बोच्या तेलाची नवी नळी ठेवली होती. ती उद्या मागच्या फटीतच, त्याच बोल्टच्या जागेवर दोन नटांनी बसवायची होती. तो जोड नीट बसला नाही तर तिथून तेल गळणार, आणि बरोबर खाली टर्बो, चालत्या गाडीत लाल होईपर्यंत तापलेला. हे तिघांनाही सांगावं लागत नव्हतं.

"डॉक्टरला कळवून टाकू या का," बाबा चहात बघत म्हणाले, "आणखी आठवडा लागेल म्हणून. माझी पाठ धरलीय."

"तुमची पाठ," आई म्हणाली.

"हो. म्हणजे, थोडी."

"सतरंजी अंथरूनही?"

बाबांनी कप खाली ठेवला.

"अहो, पंचवीस वर्षं मी तुम्हाला गाडीखाली बघतेय. तुमची पाठ कुठं येते ते मला कळत नाही? सतरंजी मागच्या बोल्टखाली आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "धुतेही मीच ती. दर वेळी झटकताना एखादा वॉशर निघतो."

बाबा टेबलावरचा चहाचा ओला गोल अंगठ्यानं पुसायला लागले.

"मला वाटलं तुला कळलं नाही," ते म्हणाले.

"मला वाटलं तुम्हाला कळलं नाही," आई म्हणाली.

मग दोघंही लेकीकडे बघायला लागली, जणू ती गोष्ट तिला आधीपासून माहीत असणं हाच तिचा गुन्हा होता. आईला त्याचं हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. तिनं भिंतीवरच्या दोन जबड्यांच्या मोजपट्टीकडे बोट केलं.

"तो व्हर्नियर घे."

"कशाला?"

"शिकलीस ना मोजायला? मोज मग. तो खेळ आठवतो? डोळे मिटायचे आणि हातात दिलेला बोल्ट दहाचा की अकराचा ते सांगायचं. तू नेहमी हरायचीस."

"तू एकदाही हरली नाहीस."

"तेच बघायचंय. तुमच्याकडे याला काही रीत असेल ना? बोट किती शाबूत आहे ते कळायची?"

रीत होती. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला वर्गात प्रत्येकानं एकमेकांवर करून पाहिली होती. दोन टोकं एकाच वेळी कातडीला टेकवायची. जवळ असली तर एकच टोक टोचल्यासारखं वाटतं. हळूहळू लांब नेत जायचं, आणि ज्या अंतराला माणूस पहिल्यांदा "दोन" म्हणतो ते लिहायचं. निरोगी बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर पुरतात. लेकीनं ते तसंच, साध्या शब्दांत सांगितलं.

"नट सरळ बसला का तिरका, ते किती अंतरावर कळतं?" आईनं विचारलं.

लेकीनं नवा नट बोटावर फिरवून पाहिला, आट्याची कड चाचपली. "पाचच्या आत हवं," ती म्हणाली. "त्याहून जास्त असेल तर कड आणि कोपरा सारखेच लागतील."

"ठीक. पाचच्या आत आलं तर उद्या नळी मी लावणार, आणि हे आरसा घेऊन मध्ये मध्ये बोलणार नाहीत. नाही आलं तर इंजिन बाहेर काढू. बाहेर काढलेल्या इंजिनाचा कुठलाच बोल्ट मागचा नसतो. कोणीही लावील."

"घाई काय आहे," बाबा म्हणाले.

"त्याच्या गाडीत पोरं बसणार आहेत," आई म्हणाली.

बाबा उठले आणि बाहेर गेले. तुळईला इंजिन उचलायची चेनपुली टांगलेली होती. तिची साखळी त्यांनी खिळ्यावरून सोडली नाही. नुसता हात लावून, पाठमोरे उभे राहिले.

लेकीनं व्हर्नियरची टोकं फडक्यानं पुसली. आधी स्वतःच्या बोटावर करून पाहिलं: अडीच. मग आईचा उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. फोड टाळला. आईनं डोळे मिटले, आणि लेकीला तो चेहरा ओळखीचा वाटला; फटीत हात घालतानाचा.

"करंगळीपासून," ती म्हणाली.

"दोन," आई लगेच म्हणाली.

तीन मिलिमीटर. शेजारचं बोट, आतली बाजू आणि बाहेरची बाजू वेगळी निघाली. करंगळीकडची तीन, अंगठ्याकडची सहा. त्या एकाच बोटाच्या मधून जणू कोणी रेघ मारली होती.

मग पहिलं बोट. लेकीनं टोकं बोटाच्या लांबीला समांतर धरली आणि कातडी पांढरी होणार नाही इतपतच टेकवली.

"एक," आई म्हणाली.

तीन होतं ते. तिनं चारवर नेलं.

"एक."

पाच.

आई थांबली. तिच्या भुवया जवळ आल्या. ओठ किंचित हलले, जणू ती आतल्या आत गाण्याचा एखादा शब्द शोधत होती.

"दोन," ती म्हणाली.

बाहेर साखळी हलल्याचा बारीक आवाज झाला.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी जे शिकवतात ते लेकीला करावं लागलं: आलेलं उत्तर खरं आहे की अंदाज, ते तपासणं. तिनं व्हर्नियर तिरका केला आणि त्याचं फक्त एकच टोक बोटाला टेकवलं. दुसरं हवेत होतं.

"दोन," आई म्हणाली. या वेळी जास्त खात्रीनं.

लेकीनं परत दोन्ही टोकं टेकवली, सहावर.

"हं?" आईनं विचारलं. "बरोबर आहे ना?"

"अंदाज करायचा नाही, आई. जे लागतं तेच सांग."

आईचे डोळे मिटलेलेच होते. तिचा डावा हात टेबलाच्या कडेवरून चाचपत आला आणि लेकीच्या मनगटावर टेकला, तिथं, जिथं सकाळी पाण्याचा थेंब उडाला होता. करंगळीनं तिनं ती जागा शोधून काढली आणि हात तिथंच राहू दिला.

"बरं," ती म्हणाली. "कर."

"आता?"

"एक."

आठ.

"एक."

दहा.

"एक."

बारा. टोकं आता बोटाच्या पेराच्या दोन्ही कडांना पोहोचत आली होती. लेकीनं व्हर्नियरचा स्क्रू आणखी सैल केला आणि ती कडांपर्यंत नेली.

"एक," आई म्हणाली. "एकच."

लेकीनं स्क्रू घट्ट केला, व्हर्नियर खिडकीच्या उजेडात धरला आणि रेघ रेघेशी जुळवून वाचलं.

चौदा पूर्णांक दोन मिलिमीटर.